"आज भांग हाय" : आजीचे शब्द टिपायचे कसे

नवी मुंबईतल्या सारसोळ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे. वय छत्तीस, राहायला नेरूळलाच, पण आता गावठाणात नाही, सेक्टरातल्या इमारतीत. आजी गेल्या वर्षी वारली. ती अधूनमधून म्हणायची, "आज भांग हाय, बाजारान काय गावनार नाय." लहानपणी ह्यांना वाटायचं, आजी प्यायच्या भांगेबद्दल बोलते आहे. अर्थ विचारायचा राहून गेला. आजीची धाकटी बहीण दिवाळे गावात आहे, अजून मासळी विकायला बसते. तिच्याकडे वही घेऊन हे दोनदा जाऊन आले. तासाभरात अकरा शब्द मिळाले, तेही "कुठल्याही कोळीगीतात सापडतील असे". म्हणून प्रश्न तीन. शब्द काढायचे कसे? ह्यातली खरी आगरी-कोळी बोली किती आणि नुसतं बिघडलेलं मराठी किती? आणि नेरूळच्या मैदानावर आम्ही पोरं जे बोलायचो, ते ह्यात धरायचं का?

आधी भांगेचं बघू, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाडीला उधाण येतं. पाणी खूप चढतं, तेवढंच खाली जातं, आणि जाता-येता त्याला जबरदस्त ओढ असते. सप्तमी, अष्टमी, नवमीला ह्याच्या उलट. पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं, मरगळल्यासारखं असतं. ते दिवस भांगाचे. आता डोल आठवा. खांबांना बांधलेलं, तोंड उघडं ठेवलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. डोल माशामागे धावत नाही. पाणीच मासळी आणून तिच्या तोंडात घालतं. पाण्याला ओढ नाही, तर डोल रिकामी. डोल रिकामी म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात माल कमी, भाव चढे, आणि असेल ते आदल्या दिवशीचं बर्फातलं. तुमची आजी "आज भांग हाय" म्हणायची तेव्हा चंद्र, पाणी, जाळं आणि बाजारभाव ह्या चार गोष्टी एकदम सांगत होती. तिला घड्याळही लागत नसणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या बायकांना तोंडपाठ असे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण पाटी डोक्यावर घ्यायला तेवढा पुरतो.

आता तुमच्या वहीकडे वळते. तुम्ही दिवाळ्यात जाऊन काय विचारलंत ते मला न सांगता कळतं, कारण तीच चूक मी दोन वर्षं केली. "आजी, तुमच्या बोलीत छत्रीला काय म्हणतात?" असंच ना?

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीच्या आधी काही वर्षं शब्द गोळा करायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. माझं माहेर कळव्याच्या बाजूचं, आम्ही आगरी, वडील मिठागरावर. म्हणजे बोली मला परकी नव्हती, तरीसुद्धा पहिल्या वेळी मी छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. चारशे शब्दांची यादी, समोर रिकामा रकाना. ऐंशीच्या पुढची एक बाई ओटीवर बसली होती. मी विचारलं, छत्रीला काय म्हणता? ती म्हणाली, "छत्रीच म्हनतान बाई." पावसाला? "पाऊस." चुलीला? "चूल. तुमी काय म्हनता?" तासभर हेच चाललं. ती मला शिकलेली बाई समजून शाळेतलं बोलत होती, आणि मी तिला अडाणी समजून तेच लिहून घेत होते. शेवटी कंटाळून यादी बाजूला ठेवली आणि सहज म्हटलं, "लावणीला तुम्ही किती जणी असायचात?"

मग ती सुटली. पहाटे आवन, म्हणजे भाताची रोपं, खणायला कोण जायचं, वाफ्यावरचा पालापाचोळ्याचा राब नीट भाजला नसेल तर रोपं कशी पिवळी पडायची, इरलं पाठीवर घेऊन वाकलं की पाणी मानेवर कसं निथळायचं, इरल्याखाली लेकरू कसं झोपवायचं. पाऊण तासात माझ्याकडे तीस-बत्तीस शब्द होते, आणि त्यातला एकही मी मागितलेला नव्हता. छत्रीला त्यांच्यात दुसरा शब्द नव्हताच, कारण शेतात छत्री नव्हती. होतं ते इरलं, आणि माझ्या यादीत इरल्याला रकानाच नव्हता.

तेव्हापासून मी एकच धरून चालते : शब्द विचारायचा नाही, काम विचारायचं. बोलीतले शब्द विसरले जातात असं आपण म्हणतो, पण तसं फारसं होत नाही. काम जातं, त्याच्याबरोबर शब्द जातो. काम आठवलं की तो तोंडात परत येतो, कधी कधी चाळीस वर्षांनी. बोलणारीलाच नवल वाटतं, अगं बाई, हा शब्द मी विसरलेच होते.

नवी मुंबईत हे फार झपाट्याने झालं. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या तालुक्यांतली ९५ गावं शहराच्या आराखड्यात आली. जमीन गेली, भरपाई आली, पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण जमीन म्हणजे फक्त सातबारा नव्हता. भातशेती होती, खाडीलगतचं खाजण होतं, मिठागरं होती, खाडीवर जायच्या वाटा होत्या. ह्या प्रत्येकाला आपापला शब्दांचा गोतावळा होता. तो कुठल्या पंचनाम्यात आला नाही.

एक उदाहरण जवळून दाखवते, आणि त्यात माझीच लाज आहे. खारजमिनीच्या बांधात पाण्यासाठी एक वाट ठेवलेली असते. तिला फळीचं दार. खाडीचं पाणी चढलं की दार त्या दाबाने मिटतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तेच दार बाहेर ढकलून वाहून जातं. ह्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी पोरांची जत्रा. बोय, कोलंबी, एखादी चिंबोरी, काही ना काही हाताला लागतंच. आता आमच्या बोलीत शब्दाच्या मधला 'ड' हा 'र' होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी, आणि उघाडी ती उघारी. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, "सुट्टीत आम्ही उघारीवर मासे पकडले." मला शब्द माहीत होता. मी स्वतः उघारीवर गुडघाभर चिखलात उभी राहून मासे पकडलेले आहेत. तरी मी लाल शाईने तो खोडला आणि वर 'झडप' लिहिलं. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या निबंधात तो बागेत गेला होता, फुलपाखरं बघितली होती. फुलपाखरांचं लिहिणाऱ्या मुलाला मी दहापैकी आठ दिले.

पुढे अनेक वर्षांनी उघाडीच्या दाराच्या एकेका भागाला काय म्हणतात ते टिपायला मी हिंडत होते, तेव्हा त्या भागात उघाडीच उरली नव्हती. तिथे भराव होता.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. ज्याला आपण बिघडलेलं म्हणतो ते नेमानं 'बिघडलेलं' असेल, तर ते बिघडलेलं नसतं. एकाने पाणीला पानी म्हटलं तर ती त्याची चूक म्हणता येईल. पण अख्खं गाव 'ण'चा 'न' करतं, 'ळ'चा 'ल' करतं, नारळाचा नारल, डोळ्याचा डोला, आणि कुठेही चुकत नाही, तर तो नियम झाला. शब्दांच्या रूपांतही तेच. 'घरात'ला घरान, 'बाजारात'ला बाजारान; तुमच्या आजीच्या वाक्यात आहेच ते. मला म्हणायला मना. एवढा, केवढा, तेवढा हे आवरा, कवरा, तवरा. गेला तो जेला, गेला होता तो जेलता. 'कुठे' फार वेळखाऊ, म्हणून नुसतं "कं". "कं जेलता?" एवढ्यात सगळा जाब विचारून होतो.

त्यातून गमतीही होतात. खाडी आमच्यात खारी होते. आमच्याकडे घाटावरून एक नवे शिक्षक आले होते. गैरहजर मुलाची चौकशी केली तर वर्ग एका सुरात म्हणाला, "त्यो खारीवर जेलाय." ते बिचारे दोन दिवस समजत होते की मुलगा बेकरीत कामाला लागला.

आणि हे सगळं नव्याने कुणी शोधलेलं नाही. ग्रिअर्सनने भारतभरच्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोळी आणि आगरी बोलींची स्वतंत्र नोंद आहे. त्या पाहणीची एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक बोलीत एकच गोष्ट सांगायला लावायची, बायबलातल्या उधळ्या मुलाची. बाप, दोन मुलगे, वाटणी, परतणं, जेवण. गोष्ट तीच राहिल्यामुळे एका बोलीत क्रियापद कसं चालतं आणि शेजारच्या बोलीत कसं, ते समोरासमोर ठेवता येतं. तुम्हीही हे करा. उधळ्या मुलाचीच पाहिजे असं नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, हीसुद्धा चालेल. तीन बायकांकडून तीच गोष्ट ऐका.

शुद्ध-अशुद्धाबद्दल आणखी एक सांगते आणि सोडते. आपल्या ह्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ अक्षीला एक शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आणि त्याच पट्ट्यातल्या माणसाला शहरात आल्यावर "गावठी बोलू नकोस" असं ऐकावं लागतं. ऐकावं काय लागतं, मीच तसं ऐकवत होते.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. "हा शब्द फक्त आमचाच" असं कुणी छातीठोक सांगितलं की मी आधी कोश उघडते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन पुरतात. दोन्ही आता घरबसल्या बघता येतात. दहातले सात शब्द सबंध कोकणात सापडतात. पडवी, वैल, रोवळी, आगोट हे काही एका जातीचे नाहीत. आगोट म्हणजे पावसाचं तोंड, आणि त्याआधीची भरणी : सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकडं. आमच्या घरी मे महिन्यात आईचं सगळं बोलणं आगोटीभोवती फिरायचं. हा शब्द रायगडात मिळतो, रत्नागिरीत मिळतो. म्हणून तो तुमचा नाही असं होत नाही. पण एकट्या तुमचाही नाही. काहींची मुळं तर साता समुद्रापलीकडची. मिठागरावर दिवसभर ज्यातून मीठ वाहिलं जायचं ते घमेलं पोर्तुगीज 'गामेला'. ठाणं १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं, मग घमेलं राहिलं तर नवल काय? पिंप, परात, चावी, बिजागरी, पगार सगळे त्याच गलबतातून उतरले.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. तिथे माथाडी कामगारांच्या वसाहतींमुळे सातारा-सांगलीकडचं बोलणं दोन पिढ्या आगरी गावांच्या भिंतीला भिंत लावून नांदतंय. एकाच शाळेत, एकाच बाकावर. तिथल्या पंचवीस वर्षांच्या मुलाने "बिगीबिगी" म्हटलं तर ते कुणाकडून आलं, हे आई-बापाचं गाव विचारल्याशिवाय सांगता येत नाही. कधी कधी विचारूनही येत नाही.

गाव विचारण्यावरून आठवलं. हे हौशी लोक हमखास विसरतात. बाईचं गाव लिहिताना सासर लिहितात. सत्तर वर्षांची बाई दिवाळ्याची, असं टिपून मोकळे. पण ती लग्न होऊन आली असेल उरणच्या कुठल्या गावातून, आणि सतरा-अठरा वर्षांपर्यंतची तिची बोली तिकडची. तुमची आजी आणि तिची बहीण, दोघींचं माहेर एक. आजी सारसोळ्यात आली, बहीण दिवाळ्यात. म्हणजे बहीण जे बोलते त्यात तिसऱ्याच गावाचं पाणी असू शकतं. आधी दोघींचं माहेर कुठलं ते विचारून घ्या. मी सुरुवातीच्या दोनशे नोंदींत माहेर लिहिलं नव्हतं. त्या आता अर्ध्या निकामी आहेत.

नात्यांचे शब्दही नीट ऐका, त्यात व्याकरण दडलेलं असतं. बापूस, भाऊस, आतूस, दादूस. ह्यातला शेवटचा सध्या टी-शर्टवर आणि गाडीच्या काचेवर दिसतो, लोक एकमेकांना "ए दादूस" म्हणून हाकाही मारतात. आमच्या लहानपणी हा 'स' हाक मारायला नव्हता. तो माणूस समोर नसताना वापरायचा. "त्याचा बापूस कं जेलाय?" असं विचारायचं, पण बापाला तोंडावर बापूस म्हटलं असतं तर थोबाडीत बसली असती. म्हणजे शब्द टिकला, वापर मेला. हळदीच्या गाण्यांनी आणि रील्सनी असे दहा-पंधरा शब्द चांगले धष्टपुष्ट केलेत. त्याला माझी ना नाही, पोरं निदान लाजत नाहीत आता. पण त्या दहा-पंधरांपलीकडे कुणी जात नाही.

हळदीवरून, तुमच्या ओळखीत कुणी धवलारीण असेल तर सगळं सोडून तिच्याकडे जा. लग्नाच्या एकेका विधीला धवले गाणारी ही बाई. मांडव घालताना वेगळा धवला, हळद लावताना वेगळा. गाण्यात शब्द बदलता येत नाही, चाल मोडते. म्हणून रोजच्या बोलण्यातून कधीच गेलेले शब्द धवल्यात जिवंत असतात; खुद्द गाणारीलाही कधी त्यांचा अर्थ सांगता येत नाही. "आजीनं शिकवलान तसा म्हनायचा." तो अर्थ तिच्याकडून ओढून काढू नका. ती घाबरून काहीतरी सांगेल आणि तुम्ही ते लिहाल. जसं म्हटलं तसं टिपा, पुढे तीन-चार जणींचं ऐकलं की अर्थ आपोआप वर येतो. आणि डीजेच्या हळदीत तिला माईक देऊन हे करायला जाऊ नका. दुपारी, घरी, भांडी घासून झाल्यावर.

आता तुमच्या मैदानावरच्या बोलण्याचं. धरायचं, पण वहीच्या दुसऱ्या टोकाकडून लिहायचं. कारण त्याचं मरण वेगळं असतं. बोली कामाबरोबर जाते, पोरांची भाषा वयाबरोबर. दर दहा-पंधरा वर्षांनी नवी पोरं जुनी भाषा टाकतात, तो त्यांचा हक्कच आहे. मोठ्यांना कळायला लागली की ती निरुपयोगी. वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली. त्यानंतर मुंबईतलं सुमडी, कल्टी, राडा, लोचा हे नेरूळला पोचायला एका पिढीचीही गरज लागली नाही. ह्यातले थोडे शब्द वर चढतात. "पोपट झाला" आता पन्नाशीची बँक मॅनेजरही बोलते. बाकीचे पुढच्या वर्गात जात नाहीत.

खेळाचे शब्द मात्र ह्या दोन्हींच्या मध्ये आहेत, आणि माझा जीव त्यांत जास्त रमतो. विटीदांडूत आम्ही मोजायचो : वकट, लेंड, मूंड, नाल. विटी कधी पायावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून टोलवायची आणि दर वेळी पुढचा आकडा ओरडायचा. मला वाटायचं हे नुसते खेळातले बडबडशब्द. पुढे एका तेलुगू शेजारणीने आपल्या मुलाला आकडे शिकवताना म्हटलं, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. कळव्याच्या आगऱ्यांची पोरं शेताच्या बांधावर तेलुगू आकडे ओरडत होती आणि कुणाच्या गावीही नव्हतं! पाचपासून पुढचे आकडे प्रत्येक गल्लीत वेगळे झालेत, आर, वेद, झकू आणि काय काय. ते तुमच्या गल्लीत कसे होते ते जरूर लिहा. ह्याला जुनं काम आठवणारी आजी लागत नाही, तुमचे शाळेतले मित्र पुरतात. डबा ऐसपैसमधलं 'ऐसपैस' हे 'आय स्पाय' घासून घासून झालेलं आहे, असं बहुतेक जण मानतात, मलाही पटतं. पण मराठीत ऐसपैस हा शब्द आधीच होता, त्यामुळे इंग्रजी पाहुण्याला घर शोधावं लागलं नाही. टाइमप्लीज तर आमच्याकडे टाम्प्लीस होतं. अंगठा चाटून दाखवल्याशिवाय ते लागू होत नसे. हा नियम लिहा. शब्द कुणीही लिहील, अंगठा चाटायचा राहून जाईल.

जुन्याच्या मागे लागताना नवं काय आलं तेही टिपा. आमच्या गावातल्या सत्तरीच्या माणसाच्या तोंडी आज साडेबारा टक्के, सोडत, प्रकल्पग्रस्त, गरजेपोटीची (म्हणजे गरज म्हणून परवानगीविना बांधलेली) घरं हे शब्द इतके सहज बसलेत की त्यांना बोलीबाहेर कसं काढायचं? "त्याचा सारेबारा आला" म्हणतात, 'ड'चा 'र' करून. सरकारी शब्दालाही आपला नियम लावला. मी तो शब्द कार्डावर लिहिला तेव्हा माझी मुलगी हसली. मला तर तो शंभरांत एक वाटतो.

आता करायचं काय ते. वही नेऊ नका. फोनवर आवाज टिपा, पण आधी विचारून. आणि फोन समोर धरून बसू नका, फळीवर ठेवून द्या. तिचे हात कामात असू द्यात. कोलंबी सोलताना, निवट्या मासे राख लावून चोळताना, वाटे मांडताना माणूस विचार करून बोलत नाही. शक्यतो दोघी एकत्र असाव्यात. एकटी बाई तुमच्याशी बोलते, दोघी एकमेकींशी बोलतात. एकदा दोन जावा कालवं फोडत बसल्या होत्या आणि माशाच्या एका जातीच्या नावावरून त्यांचं जुंपलं. धाकटी म्हणे हे पिल्लाचं नाव, थोरली म्हणे मोठ्याचं. त्या भांडणात मला मासळीच्या वाढीच्या तीन अवस्थांची तीन नावं मिळाली. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

घरी येऊन ऐका आणि कानाला पडलं तसंच लिहा, पानी तर पानी. शब्द एकटा लिहू नका, तो ज्या वाक्यात आला ते सगळं वाक्य. कोण बोललं, वय काय, माहेर कुठलं, कशाबद्दल बोलणं चाललं होतं. मोजणी निघाली तर विशेष लक्ष द्या; कोडीने मोजणं, "दोन ईसा नि धा" म्हणजे पन्नास, हे अजून काही जणींच्या जिभेवर आहे, पण हिशेब मोबाईलवर गेल्यापासून तेही आटत चाललंय. मग कोश. मग डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाशी ताडून बघा, ते सगळ्यांना खुलं आहे. तुमच्या शेजारचं गाव तिथे निघालं तर मजा येईल. पुस्तक काढायची घाई नको. दोनशे नोंदी नीट झाल्या तरी पुष्कळ.

तुमची आजी कुठल्या तिथीला काय म्हणायची ते आठवत असेल तर पहिली नोंद त्याचीच करा. आणि मावशीआजीकडे जाताना पंचांग बघून जा. उधाणाच्या दिवसांत ती पहाटेपासून बाजारात असेल, घाईत असेल, तुम्हाला चहा देऊन वाटेला लावेल. भांगाच्या दिवशी जा. त्या दिवशी तिला विकायला फारसं काही नसतं.